आठवड्याला एकच सूचना

शाळेतून निवृत्त होऊन मला आता दोन वर्षं होतील, पण आमच्या शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मला अजून कोणी काढलेलं नाही. ज्यांनी ग्रुप सुरू केला ते केंद्रप्रमुख बदलून गेले. त्यांच्या जागी आलेल्यांकडे शेजारच्या केंद्राचाही अतिरिक्त कार्यभार आहे. निवृत्त बाईंना ग्रुपमधून काढायला त्यांना सवड कुठली? मीही आपणहून बाहेर पडले नाही. सकाळी गंगापूर रोडला फिरून आले की पेपर उघडण्याआधी चहाबरोबर मी तो ग्रुप वाचते. भोचकपणा म्हणा हवं तर.

परवाच्या एका दिवसातलं सांगते. सकाळी पावणेसातला: ‘आधार व्हॅलिड नसलेल्या विद्यार्थ्यांची इयत्तानिहाय संख्या, मुलगे-मुली वेगळे, आज अकरापर्यंत.’ साडेनऊला एका गुगल शीटची लिंक, खाली ‘गांभीर्याने घ्यावे’. साडेअकराला, म्हणजे परिपाठ आटोपून फळ्यावर पहिलं गणित पडलं असेल तेव्हा, लिंक न भरलेल्या शाळांची यादी, नावं लाल रंगात. दुपारी ‘वृक्षारोपणाचे फोटो पुन्हा पाठवा, जिओटॅग दिसत नाही’. मग ‘माहिती निरंक असल्यास निरंक कळवावी’, म्हणजे कळवण्यासारखं काही नसेल तर तेही कळवा. रात्री पावणेदहाला: ‘उद्या व्हीसी आहे, सकाळी आठच्या आत.’ प्रत्येकाखाली अंगठ्यांची रांग आणि ‘ओके सर’.

यातली एकही गोष्ट बिनकामाची आहे असं मी म्हणत नाही. आधार जुळलं नाही तर त्या मुलाची पटावर गणतीच होत नाही, आणि पटावरून शिक्षकांची पदं ठरतात. ते काम करायलाच हवं. माझं म्हणणं वेगळं आहे. शाळेला काय सांगायचं आणि काय विचारायचं, ते आठवड्यातून एकदा सांगा आणि एकदाच विचारा. उरलेले दिवस शाळा चालू द्या.

बाहेरच्या माणसाला वाटतं, शाळा म्हटली की मुख्याध्यापक, क्लार्क, शिपाई असणारच. जिल्हा परिषदेच्या छोट्या प्राथमिक शाळेत क्लार्क नसतो, शिपाई नसतो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत, आणि स्वतंत्र मुख्याध्यापक १५० मुलांच्या वर. नाशिक जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या तीन हजारांवर शाळा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या पाड्यांवर कितीतरी ठिकाणी दोघंच गुरुजी असतात, आणि त्यांतला ज्येष्ठ तो मुख्याध्यापकाचं काम बघतो. त्याच्याकडे दोन वर्ग, तांदळाचा हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त आणि तो मोबाइल.

त्याच परिशिष्टात पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. भागाकार चौथीतलं पोरही करेल: रोज चार तास. दोनशिक्षकी शाळेत एका इयत्तेला शिकवताना दुसरी स्वयंअध्ययनाला बसवावी लागते, म्हणजे एका इयत्तेच्या वाट्याला शिक्षक येतो तो दोनच तास. लिंक भरायला रोज अर्धा तास काढला तर तो कुणाच्या वाट्याचा काढायचा, हे ठरवून द्यायला अजून कुठलं परिपत्रक आलेलं नाही. आमच्या तिसरीतली एक मुलगी, मी फोन हातात घेतला की न सांगता उठायची आणि पहिलीच्या पोरांची बाराखडी घ्यायला लागायची. येणारे-जाणारे अधिकारी तिचं फार कौतुक करायचे. मला ते कधी गोड लागलं नाही. तो तिचा गणिताचा तास असायचा.

मी नोकरीला लागले १९८८ साली. १९९४ला राज्यात केंद्रप्रमुखाचं पद आलं, दहाएक शाळांचं एक केंद्र झालं, आणि आमच्याकडे टपालाचा वार शनिवार ठरला. सकाळची शाळा सुटली की दोघांतलं एक जण सायकलवर केंद्रशाळेत जायचं, कार्बन ठेवून काढलेले तक्ते द्यायचं आणि पंचायत समितीचं टपाल घेऊन यायचं. सोमवारी त्याची आवक रजिस्टरला नोंद. पत्रावर जावक क्रमांक असे, तारीख असे, सही असे. सांगितलेलं काम पटलं नाही तर कुणाला विचारायचं ते ठाऊक असे. अधिकारी शाळेत आले तर शेरेबुकात स्वतःच्या हाताने शेरा लिहून जात, आणि पुढच्या भेटीला त्यांनाच तो वाचावा लागे.

ते दिवस परत आणा असं माझं मुळीच म्हणणं नाही. पत्र उशिरा येण्याचा त्रास आम्ही भरपूर काढला, पावसाळ्यात तर टपाल आठ-आठ दिवस अडकायचं. शालार्थ प्रणालीतून पगार खात्यावर येऊ लागला तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मोबाइलशी माझं भांडण नाही. पण कागदाबरोबर जावक क्रमांकही गेला, हे कुणाच्या फारसं ध्यानात आलं नाही. आज ग्रुपवर येतं ते पत्र नसतं, ‘वरून निरोप आहे’ असतं. वरून म्हणजे कुठून? तालुक्याच्या ग्रुपवरून केंद्राच्या ग्रुपवर ढकललेलं, तालुक्याला जिल्ह्यावरून आलेलं. वाटेत एखाद्या माणसाने थांबून, ही माहिती आपल्याकडे आधीच आहे का, असं विचारल्याचं दिसत नाही.

आणि ती असते. २०१५ला ‘सरल’ पोर्टल आलं तेव्हा आम्हाला सांगितलं होतं की एकदाच भरा, पुन्हा मागणार नाही. मग यू-डायस प्लस आलं, पोषण आहाराचं ॲप आलं, २०२३च्या डिसेंबरात हजेरीचा चॅटबॉट आला, त्यानंतर अपार आयडी. मुलाचं नाव, जन्मतारीख, आधार, जात, उंची, वजन, सगळं कुठे ना कुठे भरलेलं आहे. पोर्टलचं लॉगिन तालुक्यालाही असतं. तरी शीट येते, कारण लॉगिन करून शोधण्यापेक्षा ग्रुपवर विचारणं सोपं. ज्याला सोपं जातं तो एक, ज्यांना भरावं लागतं ते शेकडो.

वरच्या लोकांची बाजू मला माहीत नाही असं नाही. नागपूरला हिवाळी अधिवेशन सुरू झालं की तारांकित प्रश्न येतात, आणि मंत्र्यांना उत्तर द्यायचं म्हणजे संचालकांना आकडे हवे, म्हणून जिल्ह्याला हवे, म्हणून पाड्यावरच्या गुरुजींना दुपारी एकपर्यंत. व्हीसीत, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये, तालुक्यांची टक्केवारी पडद्यावर दाखवतात. शेवटच्या नंबरावर आपला तालुका दिसला की गटशिक्षणाधिकारीही माणूसच. पण हे अधिवेशन बहुतेक वर्षी डिसेंबरातच असतं. त्याची तातडी दर वर्षी नव्याने कशी लागते, हे मला नोकरीभर कळलं नाही.

‘पगार एवढाले, आणि दोन लिंका भरायला कुरकुर,’ असं म्हणणारे वाचक आहेत, माझ्या सोसायटीतही आहेत. पगार चांगला आहे, खरंच. तो शिकवण्याचा आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की शिक्षकाला दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांपलीकडे शिक्षणेतर काम देता येणार नाही. ऑगस्ट २०२४मध्ये राज्य शासनानेही कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी केली. चांगलं केलं. पण वर्गवारी होते कामांची. स्मरणपत्रांची कोण करणार? २०२४च्या फेब्रुवारीत मुख्यमंत्र्यांच्या पत्रासोबत मुलांचे आणि पालकांचे सेल्फी चढवायचे होते. तेव्हा निम्म्या पालकांकडे साधे फोन. सेल्फी शेवटी आमच्याच फोनमधून गेले. हे काम शैक्षणिक की अशैक्षणिक, यावर मी आणि आमच्या सहकारी गुरुजींनी बराच वेळ वाद घातला. वादही शाळेच्याच वेळात झाला.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती. माझी शेवटची बरीच वर्षं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात गेली. तिथे दसऱ्याच्या आगेमागे गोडी छाटणी होते, मग फुटवे काढणं, डिपिंग, विरळणी, आणि जानेवारीपासून काढणी. या कामाला माणसं येतात ती पेठ, सुरगाणा, हरसूलकडची. नागली-भात कापायचा, दिवाळी करायची आणि बिऱ्हाड पिकअपमध्ये टाकून निघायचं. बागेच्या बांधाला प्लास्टिकच्या कागदाची झोपडी पडते. बरोबर पोरं असतातच. आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन बांधावर बसते. आई वेलींखाली हात वर करून दिवसभर उभी. शिमग्याला बरेच जण घरी जातात, त्यातले काही पुन्हा येतात, काही थेट पावसाळ्याच्या तोंडाशी परततात.

कागदोपत्री व्यवस्था आहे. मूल गावाकडच्या शाळेच्या पटावर असतं. निघताना तिथल्या शाळेने त्याला शिक्षण हमी कार्ड द्यायचं, आणि ज्या गावी जाईल तिथल्या शाळेने ते बघून त्याला बसवून घ्यायचं. मी अशी कार्डं पाहिली आहेत, रेशनकार्डाच्या पिशवीत घडी करून ठेवलेली. न पाहिलेली त्याहून जास्त. कारण पिकअप पहाटे निघतो, शाळा उघडते दहाला.

सुरगाण्याच्या गुरुजींना ठाऊक असतं, आपली कुठली पोरं कुठल्या रस्त्याला लागली. माझ्या गावात कुणाच्या बागेत नवी झोपडी उभी राहिली, हे मला ठाऊक असतं. मधलं अंतर साठ-सत्तर किलोमीटर. पण त्या गुरुजींकडे माझा नंबर नाही आणि माझ्याकडे त्यांचा नाही. तालुके दोन, केंद्रं दोन, ग्रुप दोन. ते त्यांच्या ग्रुपवर कळवतात, ‘स्थलांतरित: ७’. मी माझ्या ग्रुपवर कळवते, ‘नव्याने आलेली: ३’. दोन्ही आकडे वर जातात, बेरजेत मिसळतात, टक्केवारीत रंगतात. उरलेली चार कुठे आहेत, हे विचारणारा रकाना कुठल्याच शीटमध्ये मी पाहिला नाही. खाली सूचना उतरतात, वर माहिती चढते. आडवं काहीच जात नाही. आणि शाळाशाळांत जे सांगण्यासारखं असतं ते बहुतेक आडवंच असतं.

शोध घेतला जात नाही असं नव्हे. ४ जुलै २०१५ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं, आम्ही सगळे घरोघर हिंडलो. २०२२ला ‘मिशन झीरो ड्रॉपआउट’ झालं, तेही जुलैतच. जुलैत पेठ-सुरगाण्यात भाताची आवणी चाललेली असते. सगळी माणसं घरी, पोरं पटावर, अहवाल निरंक. तीच पोरं नोव्हेंबरात बागेच्या बांधावर असतात, तेव्हा ग्रुपवर दुसऱ्याच कशाचे तरी फोटो मागितलेले असतात.

एका वर्षी मला सुरगाण्याकडच्या एका गुरुजींचा नंबर मिळाला, तोही पिकअपवाल्याकडून. फोन केला. पलीकडून दोन क्षण काहीच आवाज नाही. दुसऱ्या तालुक्यातली बाई आपल्या पोरांबद्दल विचारते आहे, हेच त्यांना नवीन होतं. मग त्यांनी चौघांची माहिती सांगितली ती अशी: एक वाचतो पण गुणाकारात अडकतो, दोघी बहिणी, धाकटी थोरलीशिवाय बसणार नाही, वेगळ्या वर्गात बसवू नका, आणि चौथ्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही, त्याला उजवा कान तुमच्याकडे येईल असा बसवा. हा चौथा मुलगा आठवडाभर माझ्या वर्गात खिडकीशी बसलेला होता आणि तो बोलत नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तो कोकणा बोलायचा आणि त्याला एका बाजूचं ऐकू यायचं नाही, एवढंच. त्यानंतर होळीपर्यंत दर शनिवारी दुपारी आमचा फोन ठरलेला. कुणी बाग बदलली, कुणी परत गेलं, कुणाची चाचणी राहिली. पाच-सात मिनिटांत संपायचा. माझ्या सगळ्या नोकरीत माहितीची याहून उपयोगी देवाणघेवाण मी केलेली नाही, आणि तिची नोंद कुठल्याही पोर्टलवर नाही.

माझी एक भाची अमेरिकेत प्राथमिक शाळेत शिकवते. तिच्या मुख्याध्यापिका आठवड्याला एक पत्र सगळ्या शिक्षकांना पाठवतात: पुढच्या आठवड्यात काय आहे, कुणाची कसली मुदत संपते, कुणाच्या जागी कोण येणार. तिला ते पत्र लांबलचक वाटतं. मी म्हटलं, बाई गं, लांब असू दे, एकच आहे ना.

आपल्याकडे शनिवारी शाळा सकाळची असते, आणि २०२४पासून तो ‘आनंददायी शनिवार’ही आहे. त्या दुपारी केंद्राकडून शाळांना एक पान जावं. त्याला क्रमांक असावा आणि खाली पाठवणाऱ्याचं नाव. मागायची माहिती त्यात एकदाच मागावी आणि द्यायला पुढच्या शनिवारपर्यंत मुदत असावी. जी पोर्टलवर आहे ती मागूच नये. आरोग्य तपासणीचं पथक कधी येणार, तांदळाची गाडी कुठल्या वारी, हेही त्यातच. मुलांना आठवड्यातून एक अंडं द्यायचं २०२३च्या नोव्हेंबरात ठरलं आणि २०२५च्या जानेवारीत शासनाने त्याचे पैसे थांबवले. असे निर्णय ग्रुपवरच्या आरडाओरड्यातून कळण्यापेक्षा त्या पानावर शांतपणे कळलेले बरे, कारण पोरांना आणि स्वयंपाकी मावशींना उत्तर द्यायचं असतं ते आम्हाला. आणि पानाच्या शेवटी, मला विचाराल तर सुरुवातीलाच, कुठल्या शाळेतून कोणती मुलं कुठल्या गावाकडे गेली आणि कुठल्या गावात कोणती आली. नावं, नुसते आकडे नव्हेत.

तातडीच्या गोष्टी असतात. अतिवृष्टीची सुट्टी जिल्हाधिकाऱ्यांनी रात्री जाहीर केली तर ती रात्रीच कळायला हवी. उसात बिबट्या दिसला तर कुणी शनिवारची वाट बघू नये. निफाड-सिन्नरकडे हे नवलाचं नाही. अशा निरोपाला अर्ध्या रात्रीही कुणी शिक्षक कुरकुर करणार नाही. सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोनपासून मोकळं राहण्याच्या हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. मला तो हक्क नको आहे. मला वेळापत्रक हवं आहे. आम्ही मुलांना जून महिन्यात लावून देतो तसंच.

येतं वर्ष सोपं नाही. २०२७च्या फेब्रुवारीत जनगणनेची मुख्य मोजणी आहे, आणि त्या कामाला शिक्षकांना लावायला कायद्याची मुभा आहे. त्याच वर्षी नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ. ग्रुपवर त्याच्याही सूचना येणार, बैठका होणार, याद्या मागितल्या जाणार. फेब्रुवारी म्हणजे द्राक्षकाढणीचा भर. मोजणीला निघालेल्या शिक्षकाला त्या झोपड्या दिसतील. मोजणीच्या कागदावर पोरांची नोंद होईल, आणि गावाकडच्या शाळेत त्यांच्या नावापुढे गैरहजेरी लागत राहील, जर दोन गुरुजी एकमेकांशी बोलले नाहीत तर.

या एका पानासाठी शासन निर्णय लागत नाही, निधी लागत नाही, नवीन ॲप तर अजिबात नको. दिंडोरीच्या एखाद्या केंद्रप्रमुखाने सुरगाण्याच्या एखाद्या केंद्रप्रमुखाचा नंबर घ्यायचा आणि दोघांनी आपापल्या शाळांकडून नावं मागवून एकमेकांना पाठवायची. पहिलं पान दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या शनिवारी निघायला हवं. पिकअप भाऊबीजेनंतर लागतात.